२०० मीटरच्या घड्याळात पाणी

मे महिन्यातल्या दुपारी भुसावळात माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाकडे कुणी फिरकत नाही. त्या दिवशी मात्र रावेरकडचे काका-पुतणे आले, तेही भांडतच. काकांची केळीची बाग, पुतण्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. काकांच्या मनगटावर सिको एसकेएक्स००७, पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीचं, २०० मीटर खोलीचं. पुतण्याकडे लाको या जर्मन कंपनीचं आउग्सबुर्ग, काळ्या डायलचं वैमानिकी, ५० मीटरचं. पैसे कुणाचे वाया गेले, एवढंच मला सांगायचं होतं.

काका कूलरसमोर बसले आणि बघता बघता सिकोच्या काचेला आतून वाफ धरली. पुतण्या हसायला लागला.

"काय भो, हे तर बुडवायचंच घड्याळ ना?" काका माझ्यावरच चिडले.

चावी, म्हणजे काटे लावायची बाजूची गुंडी, बघितली. तिला आटे असतात, ती दाबून फिरवत आवळावी लागते. वार-तारीख लावून काकांनी ती तशीच मोकळी ठेवली होती आणि त्याच हाताने ड्रिपचा फिल्टर धुतला होता. चावी आवळलेली आणि रबरी रिंगा मऊ असतील तोवरच त्या २०० मीटरला अर्थ. मागचं झाकण उघडलं तर रिंग कडक पडलेली, रोटरच्या, म्हणजे हात हलला की फिरून घड्याळाला चावी देणाऱ्या चकतीच्या, स्क्रूवर तांबूस डाग. पूर्ण सर्व्हिसिंगच करावं लागणार होतं.

आता हसायची पाळी काकांची. लाको टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं तर दिवसाला काही मिनिटं पुढे पळत होतं. आतलं मशीन मियोटा या जपानी कंपनीचं. कंपनीच्या हिशेबाने दिवसाला ४० सेकंद पुढे चालेल, मिनिटं नाहीत. होकायंत्र जवळ नेलं, सुई थरथरली. स्क्रू उचलायला पुतण्या स्पीकरचं जुनं चुंबक टेबलावर ठेवतो आणि घड्याळ काढून त्याच्याच शेजारी! चुंबकत्व चढलं की हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. चुंबकत्व उतरवणाऱ्या डिमॅग्नेटायझरवर धरलं, काम झालं. याचे पैसे मी घेत नाही.

वाचायला लाको सरस, यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांत दिशा शोधणारे जॅकेटच्या बाहीवर ५५ मिलिमीटरची घड्याळं बांधायचे, त्या डायलची ही नक्कल. आणि ती घड्याळं बनवणाऱ्या पाच नावांत लाकोही होतं. शिवाय याला हाताने चावी देता येते. सिकोच्या ७एस२६ मशीनला ती सोय नाही, चावी ओढून सेकंदकाटाही थांबत नाही. पण मला विचाराल तर शेतातल्या हाताला सिकोच. काकांनी बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याचा, उपयोगही स्वतःच शोधला होता: व्हॉल्व्ह उघडला की त्याच्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यावर, म्हणजे पाणी किती वेळ चाललंय ते कळतं. ते बेझल एकाच बाजूला फिरतं. धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, पाणबुड्या लवकर वर येतो.

पुतण्या म्हणाला, "काका, तोवर माझं घाला."

काकांनी लाको उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "याच्यात वार कुठंय? बाजाराचा दिवस कसा कळेल?"