टेक्निक्स एसएल-१२०० एमके२: उकल, रंगकाम आणि फेरजोडणीची नोंद

हाती घेतलेले यंत्र म्हणजे टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ हा टर्नटेबल, म्हणजे ध्वनिमुद्रिका (तबकड्या) वाजवणारा रेकॉर्ड प्लेअर आहे. मूळ एसएल-१२०० १९७२ साली आले आणि १९७९च्या या सुधारित आवृत्तीत क्वार्ट्झ नियंत्रण (स्फटिकाच्या ठोक्यांवर वेग स्थिर ठेवणारी योजना) व वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारा सरकता पिच फेडर मिळाला. दोन तबकड्यांची लय जुळवणाऱ्या डीजेंना नेमके हेच हवे होते. त्यामुळे घरगुती श्रवणासाठी घडवलेले हे यंत्र मंचावर गेले आणि २०१० साली उत्पादन थांबेपर्यंत तिथेच राहिले. २०१६ साली नवी मोटर घेऊन ही मालिका परत आली असली, तरी जुन्या एमके२वर काम करण्यात वेगळे समाधान आहे, कारण तिचा प्रत्येक भाग स्क्रूने जोडलेला आहे आणि जे स्क्रूने जोडले आहे ते समजून घेता येते.

यंत्र आले तेव्हा त्याच्या मूळ रुपेरी पृष्ठावर कोणीतरी काळा रंग मारलेला होता. खाली प्रायमर नसल्यामुळे कडांपाशी त्याचे पोपडे निघत होते आणि नखाने खरवडले तरी पापुद्रा सुटत होता. पिच फेडर शून्याच्या आसपास अडखळत होता, डाव्या वाहिनीचा आवाज केबल हलवली की येत-जात होता आणि सुईवर प्रकाश टाकणारा पॉप-अप दिवा वर येत असला तरी लागत नव्हता. मोटर मात्र निर्दोष होती. टोनआर्मही (सुई धरणारा दांडा) चांगल्या अवस्थेत होता. हेडशेलजवळ (आर्मच्या टोकाला सुईचा भाग बसतो ती जागा) दोन बोटांत धरून अगदी हलके पुढे-मागे केल्यावर बेअरिंगमध्ये कसलीही ढिलाई जाणवली नाही. जुने यंत्र निवडताना मी सर्वाधिक वजन याच चाचणीला देतो. रंग आणि केबल बदलता येतात, पण सैल किंवा वाकलेल्या बेअरिंगचा टोनआर्म पूर्ववत करणे घरच्या टेबलावर क्वचितच साधते.

उकलताना पहिली गोष्ट म्हणजे प्लग काढून यंत्र काही वेळ तसेच राहू देणे. प्लॅटरला (तबकडी ठेवायची फिरती थाळी) बोटे घालण्यासाठी दोन भोके आहेत, त्यांतून तो सरळ वर उचलला की निघतो. एमके२मध्ये प्लॅटर फिरवणारा पट्टा नाही आणि चक्रीही नाही. प्लॅटरच्या खालच्या अंगाला बसवलेले चुंबकाचे कडे हाच मोटरचा फिरणारा भाग असून स्थिर कॉइल खाली चॅसिसवर (यंत्राचा सांगाडा) राहतात. म्हणजे प्लॅटर उचलला की मोटरचा अर्धा भागच हातात येतो, आणि त्याची काळजी त्याच भावनेने घ्यावी लागते. चुंबक लोखंडाचा बारीकसा कीसही ओढून घेतो आणि तो कीस फिरत्या व स्थिर भागांमधल्या फटीत गेला तर घरघर सुरू होते. म्हणून स्टीलचा काथ्या या कामाच्या जागेत येऊच दिला नाही. प्लॅटर स्वच्छ पिशवीत बांधून दुसऱ्या खोलीत ठेवला आणि सगळी घासाई वॉटर पेपरने केली.

टोनआर्म काढण्यापूर्वी हेडशेल व मागचे वजन वेगळे केले, आर्म त्याच्या खुंटीत अडकवला आणि वर मऊ कापडी फीतही बांधली. आर्ममधून येणाऱ्या तारा केसासारख्या बारीक असतात. पांढरी व निळी डाव्या वाहिनीची, तांबडी व हिरवी उजव्या वाहिनीची. त्यांना हात न लावता, त्या ज्या छोट्या बोर्डावर संपतात तो बोर्ड आर्मसोबतच बाहेर घेतला. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढली आणि स्क्रू एका पुठ्ठ्यावर यंत्राची आकृती काढून त्या-त्या जागी टोचून ठेवले. तळाच्या स्क्रूंची लांबी सर्वत्र सारखी नसते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात.

वरचे चॅसिस ओतीव ॲल्युमिनियमचे आहे, म्हणून रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वर्ज्य. तो रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो. मी घट्ट जेलच्या स्वरूपातला रंग काढणारा पदार्थ वापरला. तो लावून वर प्लॅस्टिकचा पातळ कागद झाकला, रंग फुगून आला की लाकडी पट्टीने खरवडला. वरचा काळा थर एका दमात निघाला, तर मूळ रुपेरी थराला अधिक वेळ द्यावा लागला. कारखान्यात दिलेला रंग आणि नंतर वरून मारलेला रंग यांतला फरक इथे हाताला कळतो. उघडा पडलेला धातू २४० आणि मग ४०० क्रमांकाच्या पेपरने घासला. पुढच्या कडेवरचे दोन खोलगट ओरखडे दोन भाग मिसळून करायच्या लांबीने (पुट्टी) भरले आणि ती वाळल्यावर लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून सपाट केली. बोटाने घासले तर बोटाखाली खळगा पडतो, आणि सपाट पृष्ठावर तो चमक आल्यावरच दिसतो.

या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे रंग कुठे लागू द्यायचा नाही हा आहे, आणि त्यावर मी घासाईपेक्षाही अधिक वेळ घालवला. मोटारींच्या रंगकामात प्रायमरपासून क्लिअरपर्यंतचे (सर्वांत वरचा पारदर्शक थर) थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी होते. हा आकडा नगण्य वाटतो, पण फेडरची खाच दोन्ही बाजूंनी रंगली तर ती ०.२ ते ०.३ मिलिमीटरने अरुंद होते, आणि मग फेडरचा दांडा कडेला घासून जो अडखळा देतो तो विजेचा दोष समजून माणूस फेडरच बदलतो. स्टार्ट-स्टॉपच्या चौकोनी बटणाच्या व ३३ आणि ४५च्या बटणांच्या भोकांचेही तेच. पॉप-अप दिव्याची नळी तर इतकी नेमकी बसते की तिच्या भोकाच्या आतल्या भिंतीवर रंगाचा शिडकावाही चालत नाही. टोनआर्मची बैठक जिथे टेकते ती जागा मी कोरी ठेवली, कारण तिथे थर एका बाजूला जाड झाला तर आर्म त्या प्रमाणात कलतो आणि स्क्रू आवळल्यावर दाबाखालचा रंग कालांतराने बसून पकड सैल होते. शेवटची जागा अर्थिंगची. जिथे धातूला धातू टेकून चॅसिस अर्थच्या तारेशी जोडले जाते, तिथे रंग म्हणजे विद्युतरोधक, आणि त्याचा परिणाम ध्वनिवर्धकातून सतत घुमणाऱ्या आवाजाच्या रूपाने ऐकू येतो. या सगळ्या जागा मास्किंग टेपने झाकल्या. गोल भोकांत फेसाचे बोळे कापून बसवले आणि आट्यांमध्ये जुने स्क्रू अर्धे फिरवून ठेवले.

ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि साधा रंग त्याला नीट धरत नाही. त्यामुळे शेवटची घासाई, तेलकटपणा पुसणे आणि एचिंग प्रायमरचा पहिला हात ही तिन्ही कामे एका बैठकीत उरकली. या प्रायमरमधले आम्ल धातूला किंचित चावते व थर घट्ट बसतो. त्यावर भरणारा प्रायमर दिला, तो वाळल्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी केली आणि ६०० क्रमांकाच्या पेपरने पाण्यासोबत घासले. उंचवट्यांवरचा काळा ठिपका लगेच जातो, खळग्यांतला राहतो. राहिलेले ठिपके म्हणजे पुढे कुठे काम आहे याचा नकाशाच. असे ठिपके प्लॅटरच्या वर्तुळाकार खोलगटीच्या कडेला सर्वाधिक होते, तिथे प्रायमरचा आणखी एक हात द्यावा लागला.

रंग निवडला तो गडद निळा, धातूचा चुरा नसलेला एकजिनसी. चुऱ्याच्या रंगात फवाऱ्याचा वेग किंवा अंतर थोडे बदलले की कण वेगळ्या दिशेने निजतात आणि ढगाळ पट्टे दिसतात. एवढ्या सपाट व रुंद पृष्ठावर ते लपत नाहीत. फवारणी पृष्ठाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायची, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा आणि हात पातळ ठेवायचे. जाड हात दिला की उभ्या कडांवर ओघळ येतात. हवा दमट असताना काम पुढे ढकलले, कारण द्रावक उडताना पृष्ठ थंड होते, त्यावर हवेतली ओल धरते आणि रंगावर पांढरट झाक चढते. सिलिकॉनचा फवारा त्या खोलीत आधीपासूनच बंद ठेवला होता. त्याचा अंशही पृष्ठावर असेल तर रंग तिथून मागे सरून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. रबरी तळ उजळवण्यासाठी अनेक जण हा फवारा वापरतात. माझ्या मते साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यानेच तो तळ पुरेसा सुंदर होतो.

पृष्ठावरची छापील अक्षरे रंग काढताना गेली होती. त्यांची मापे आधीच मोजपट्टीसह छायाचित्रात घेतली असल्याने, पाण्यावर सुटणाऱ्या पारदर्शक डिकॅलवर (चिकटवायची पातळ छापील पट्टी) ती त्याच आकारात छापून निळ्या रंगावर बसवली. क्लिअरचे पहिले दोन हात केवळ धुक्यासारखे दिले, कारण ओल्या जाड थरातले द्रावक डिकॅलची शाई विरघळवते. दोन भाग मिसळायचा क्लिअर अधिक टणक असतो हे खरे, परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्यापासून साध्या मास्कने पुरेसे संरक्षण मिळत नाही. श्वासासाठी वेगळा हवापुरवठा असलेली सोय घरी नसल्याने मी एकभागी साटिन (मंद चमकेचा) क्लिअर घेतला. साटिनचा आणखी एक लाभ असा की स्ट्रोबच्या (वेग तपासण्याचा लुकलुकणारा दिवा) लाल प्रकाशाचे प्रतिबिंब पृष्ठावर टोचत नाही आणि बोटांचे ठसेही कमी दिसतात.

रंग हाताला कोरडा लागणे आणि तो आतून पक्का होणे यांत मोठे अंतर असते. पृष्ठाजवळ नाक नेल्यावर द्रावकाचा वास येत होता तोवर चॅसिस टेकू देऊन तसेच ठेवले. वास पूर्ण गेल्यावर, आर्मच्या बैठकीखाली झाकल्या जाणाऱ्या जागेच्या कडेला नख दाबून पाहिले, खूण उमटली नाही, तेव्हाच पहिला स्क्रू फिरवला. टेप काढताना कडेवर आधी धारदार पात्याने रेघ मारली, म्हणजे थर ओढला जात नाही.

रंग पक्का होईपर्यंत फेडर हाताळला. बाहेर काढून त्याच्या पट्टीवरचा जुना चिकट वंगणाचा थर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतला, तो पूर्ण उडू दिला आणि फेडरसाठीच असलेल्या वंगणाचे अत्यल्प बोट फिरवले. शून्यावरची खटकन बसणारी जागा आता स्पष्ट लागते आणि तिथला हिरवा दिवाही न लुकलुकता राहतो. आरसीए केबल नवी जोडली. केबल निवडताना तिची धारिता (कपॅसिटन्स) पाहावी, कारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (सुईची हालचाल विद्युत संकेतात बदलणारा भाग) केबल आणि ध्वनिवर्धकाचा फोनो प्रवेश मिळून जेवढी धारिता दिसते तिच्यानुसार वरच्या स्वरांचा तोल बदलतो, आणि लांबलचक केबल ती विनाकारण वाढवते. जोडणीनंतर मल्टिमीटरने आर्मची नळी, चॅसिस व अर्थची तार यांच्यात विद्युत सातत्य तपासले. रंगापूर्वी झाकलेल्या जागांचे फळ मल्टिमीटरच्या त्या एका बीपमध्ये मिळाले. स्पिंडलमध्ये (प्लॅटरच्या मधली खुंटी) तेलाचे दोन थेंब सोडले आणि प्लॅटर परत बसवला.

वीज दिल्यावर प्लॅटरच्या कडेवरच्या चार ओळींपैकी सर्वांत मोठ्या ठिपक्यांची ओळ शून्यावर जागच्या जागी उभी राहिली. हे दृश्य आनंदाचे असले तरी ते संपूर्ण पुरावा नाही. एमके२चा स्ट्रोब विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झवर चालत नाही, तो यंत्राच्याच क्वार्ट्झवर चालतो. म्हणजे मोटर आपल्या घड्याळाशी प्रामाणिक आहे एवढेच ठिपके सांगतात, घड्याळ स्वतः बरोबर आहे की नाही हे सांगत नाहीत. त्यासाठी ३,१५० हर्ट्झचा स्वर असलेली चाचणी तबकडी लावून स्वर बाहेरून मोजावा लागतो. वेगात १ टक्क्याचा फरक असेल तर मापात ३१.५ हर्ट्झचा फरक येईल.

ती मोजणी आणि कार्ट्रिजची बसवणी पुढच्या नोंदीत येईल. या आर्मची परिणामी लांबी (आर्मच्या आसापासून सुईपर्यंत) २३० मिलिमीटर व ओव्हरहँग (सुई स्पिंडलच्या पुढे जाते ते अंतर) १५ मिलिमीटर आहे, त्यानुसार सुईचे टोक हेडशेलच्या रबरी वॉशरपासून ५२ मिलिमीटरवर आणायचे आहे. त्यानंतर अँटिस्केट (आर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारी योजना) शून्यावर ठेवून आर्म आडवा तोलायचा आणि मगच मागच्या वजनाची चकती शून्यावर फिरवून दाब द्यायचा. पॉप-अप दिव्याची तार नळीच्या तोंडाशी तुटलेली सापडली आहे, तिला नवा तुकडा जोडायचा आहे. झाकणाच्या ॲक्रिलिकवरचे ओरखडे ८०० पासून २,००० पर्यंतच्या वॉटर पेपरने उतरवून पॉलिश करायचे आहेत, आणि ते पुसण्यासाठी अल्कोहोल असलेला कोणताही द्रव वापरणार नाही, कारण त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.