आभाराच्या यादीत

रविवार, रात्री साडेदहा

आज उपासनेत आजाऱ्यांच्या यादीत अण्णांचं नाव आलं नाही. मी डोळे मिटून वाट बघत होते, यादी संपली. मग आभारप्रार्थना सुरू झाली आणि त्यात पहिलंच नाव अण्णांचं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडातून काही निघेना.

चूक माझीच. बुधवारच्या प्रार्थनेला मीच हौसेनं सांगितलं होतं, अण्णा गायले म्हणून. चार महिने 'हां' आणि 'नको' याशिवाय शब्द नाही, आणि एकदा त्यांची दाढी करताना मी रेव्हरंड टिळकांचं ख्रिस्ती गीत गुणगुणत होते तर त्यांनी पुढची ओळ उचलली. स्वच्छ. 'ळ'सुद्धा 'ळ'सारखा. मी रेझर हवेत धरून तशीच उभी, गालावरचा फेस वाळला. फिजिओवाले म्हणाले, असं होतं. बोलणं बहुतेकांचं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, सुराला उजवीकडचा आधार मिळतो, आणि अण्णांचा झटका डावीकडचा. म्हणजे चमत्कार नव्हे. का आहे? राहू दे.

पण आभार कशाचे? शर्टाचं बटण लागत नाही. उजवा हात अजून मीच उचलून उशीवर ठेवते, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. 'चहा' एवढा शब्द येत नाही, कपाकडं बोट करतात. धाकटा फोनवर म्हणतो, "ताई, प्रभू आहे," आणि ठेवून देतो. त्याचं जाऊ दे.

राग त्याचा नाही. सगळी आमेन म्हणत असताना मीच कृतघ्न ठरले, याचा आहे. बरे झाले असं कुणी ठरवलं? मला कुणी विचारलं?

येताना रिक्षात जो तो पाण्याचंच बोलत होता. जुलै म्हटल्यावर दुसरं काय. पंचगंगेचं पाणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. 2019 च्या महापुरापासून तर पोरांनाही हे आकडे पाठ. माणसाला असली पट्टी नाही. असती तर पाळकसाहेबांना रोज कळवलं असतं, आज 41, प्रार्थना थांबवू नका.

दुपारी मटण शिजेस्तोवर बायबलातलं स्तोत्र 13 काढलं, दाविदाचं. खरं तर भांडायलाच काढलं. सहाच वचनं. पहिल्या दोनांत 'कोठवर' चार वेळा. बरं वाटलं, दाविदाचंही नाव अजून पहिल्याच यादीत. पण पाचव्याला गडी एकदम भरवसा म्हणतो आणि सहाव्याला गायला लागतो. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये काय झालं? पुन्हा वाचलं. वैरी तिथंच, उत्तर आल्याचं कुठं लिहिलेलं नाही. माझ्याकडं तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, एवढंच.

संध्याकाळी अण्णांनी बोट केलं नाही. त्या गीताची चाल धरली, नुसती हंहं करत, आणि कपाकडं बघितलं. टिळकांच्या चालीवर चहाची ऑर्डर! मला हसूच आवरेना. त्या नादात साखर घालायची राहिली. त्यांनी तोंड वाकडं केलं. तसं ते आता वाकडंच असतं, पण हे वेगळं होतं, हे खास माझ्यासाठी होतं.

पुढच्या रविवारी सांगते, दोन्ही याद्यांत घाला. कागदावर जागा असली तर.