लग्नंच कमी, तर घटस्फोट कुठून?

रविवारच्या पुरवणीचं पान शुक्रवारी संध्याकाळी सोडायचं असतं. त्या शुक्रवारी कव्हर स्टोरी होती जपान आणि दक्षिण कोरियातल्या घटस्फोटांवर. लेख बरा होता, मथळा मात्र ठोकून दिलेला: ‘पूर्वेकडे संसार पुन्हा टिकू लागले!’

आलेखात दोन्ही रेषा खाली. जपानने कळस गाठला २००२ साली: सुमारे २ लाख ९० हजार घटस्फोट, हजार लोकसंख्येमागे २.३. कोरियाने पुढच्याच वर्षी: १ लाख ६७ हजारांच्या आसपास, दर ३.४. २०२२ मध्ये जपान दीडच्या खाली, कोरिया १.८ वर.

“लोकांना एखादी चांगली बातमी वाचू दे ना,” पुरवणी पाहणाऱ्या ताई म्हणाल्या.

मला तो दर खुपत होता. भागाकार सगळ्या लोकसंख्येने. त्यात पाळण्यातलं पोरही आलं आणि बोहल्यावर कधीच न चढलेला चाळिशीतला माणूसही. म्हणून लग्नांचे आकडे काढले. कोरियात २००३ मध्ये तीन लाखांवर लग्नं लागली होती, २०२२ मध्ये १ लाख ९२ हजार. जपान साडेसात लाखांवरून पाच लाखांवर.

पान लावणारा आमचा उमरेडचा गडी स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, “लगनच नाही लागून राह्यले, तं सोडचिठ्ठी कोन कोनाले देईन?”

फक्त तेवढंच नव्हतं म्हणा. जपानात दोघं राजी असले की पालिकेत अर्ज दिला, काम झालं. बहुतेक घटस्फोट असेच होतात. कोरियात राजीखुशीनेही कोर्टात जावं लागतं, आणि २००८ पासून थांबायची सक्ती आहे: मूल असेल तर तीन महिने, नसेल तर एक. (आपल्याकडचे सहा महिने आठवले, ते माफ करायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली.) तेवढ्यात कुणाचा राग निवतही असेल. पण कोरियातली घसरण २००४ लाच सुरू झाली होती, तेव्हा सगळं श्रेय कायद्याला कसं द्यायचं?

शिवाय जपानात घटस्फोट घेणाऱ्या पाच जोडप्यांत एकाहून जास्त जोडपी वीस वर्षं संसार केलेली. हे दाखवलं तेव्हा ताई गप्प झाल्या.

नवा मथळा लागला: ‘घटस्फोट घटले, लग्नंही!’

“मजा नाही याच्यात,” असं पुटपुटत त्यांनी पान सोडायला सांगितलं. वीस वर्षांवाल्यांची चौकट शेवटी जाहिरातीने खाल्लीच.