एका वजाबाकीला आठवडा कशाला?

पालकसभेत, शाळेच्या फाटकाशी, एवढेच काय, लोकलच्या गर्दीतही मला एकच प्रश्न विचारला जातो: "बाई, दुसरीच्या वर्गात ४२ − १७ एवढ्या वजाबाकीवर तुम्ही आठवडाभर काय करता, आणि वह्या कोऱ्या का?" तुम्ही विचारलेत म्हणून एकदाच नीट सांगते.

परळमधल्या आमच्या मराठी शाळेत सोमवारी आइस्क्रीमच्या काड्या निघतात. दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे करायचे; बेचाळीस म्हणजे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. सतरा काढा म्हटले की मूल अडते, कारण सात द्यायला सुट्या दोनच असतात. हे अडणे मला हवे असते. कागदावर ते घडत नाही. तिथे मूल सातातून दोन वजा करते, चारातून एक, आणि ३५ लिहून मोकळे होते. त्यात निष्काळजीपणा नसतो. मोठ्यातून लहान काढायचे, ही पहिलीतली सवयच ते पाळत असते.

गेल्या वर्षी एका मुलाने गठ्ठ्याचे रबर काढायला साफ नकार दिला. सोडला तर दहा राहणार नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. मी गठ्ठा सोडला, त्याने मोजल्या, दहा भरल्या. मी बांधला, त्याने रबराखालूनच पुन्हा मोजायला घेतल्या. त्याचा विश्वास बसत चालला होता. तेवढ्यात डबा द्यायला आलेले त्याचे वडील दारातूनच म्हणाले, "चुलत भावाची वही भरली, आणि हा अजून काड्याच मोजतोय." मुलाने काड्या दप्तराखाली सारल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत पानभर वजाबाक्या होत्या, सगळ्या बरोबर, शिकवणीत रीत घोटून घेतलेल्या. चारचे तीन झाले तेव्हा तिथून किती गेले, असे मी विचारले. "एक," तो म्हणाला. गठ्ठा पुढे धरून हे किती, असे विचारले, तरीही "एक". आदल्या दिवशी हाच मुलगा त्याच गठ्ठ्यात दहा मोजत होता. त्या आठवड्यात त्याने पुन्हा काडीला हात लावला नाही.

रीत शिकवू नये असे मी कधीच म्हटलेले नाही. गुरुवारी आम्ही दहाची नोट मोडून सुट्टे करतो, शुक्रवारी तीच गोष्ट उभ्या मांडणीत लिहितो; वही तेव्हा उघडते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. त्यांतले गणिताचे पाच तास एका पायाभूत गोष्टीला देणे ही उधळपट्टी कशी? शिवाय आपल्या मुलांना बावन्नमधले पन्नास कानाला सहज सापडत नाही. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात संख्या 'वीस एक' अशाही वाचायला दिल्या, तेव्हा वाद पेटला. पण त्यामागची अडचण माझ्या वर्गात रोज समोर असते.

नोकरीच्या सुरुवातीला मीही रोज फळाभर गणिते देत असे. त्या वेळचा माझा एक आक्षेप मला अजून खोडता आलेला नाही: ज्यांना मंगळवारीच उमगले, त्यांनी शुक्रवारपर्यंत काय करायचे? मी त्यांना दुसऱ्यांसाठी गणिते तयार करायला लावते. काही रमतात, काही खिडकीबाहेर बघत बसतात, आणि त्यांच्या पालकांची तक्रार मला खोटी म्हणता येत नाही. तरीही पुढच्या सोमवारी ५० − २३ घेणार आहे. त्यात एकही सुटी काडी नसते, त्यामुळे तोही आठवडा जाईल.