नळावर पहारा

मुलाला कॅमेरा हवा होता. तो परदेशात, आई कसबा पेठेतल्या वाड्यात एकटी, आणि पहाटेच्या अंधारात मोरीच्या उंबऱ्याला अडखळून त्या पडल्या होत्या. घराघरांत सेन्सर बसवणं हा माझा व्यवसाय. मी पोचलो तर आजी दारातच म्हणाल्या, "कॅमेरा आणला असशील तर पिशवी उघडूच नकोस."

चहा घेता घेता मी विचारलं, "पण आजी, तुम्ही एवढ्या पहाटे उठता कशाला?"

"पाण्याला! दुसरं काय?"

देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं, की शुक्रवारी ते 'उशिरा आणि कमी दाबाने' येणार, हे वाक्य पुणेकरांना पाठ आहे. उशिरा म्हणजे किती वाजता, ते कोण सांगणार? वाड्याच्या वरच्या मजल्यावर धार जेमतेम लागते, तीही थोडाच वेळ. म्हणून आजी पुन्हा पुन्हा उठून नळ बघायच्या. पडल्या त्या अशाच एका फेरीत. नजर ठेवायचीच तर ती नळावर ठेवायला हवी, हे मला तिथेच पटलं.

माझ्याकडे पाणीगळतीचा सेन्सर होता. एरवी तो वॉशिंग मशीनखाली ठेवतात. तळाशी धातूचे दोन ठिपके असतात. दोन्हींना पाणी लागलं, की त्यांच्यामधून अगदी बारीक वीजप्रवाह वाहतो आणि सेन्सर खबर देतो. नको असलेल्या पाण्याची खबर देणारी वस्तू हव्या असलेल्या पाण्याचीही देईलच की! पण एकदा भिजलेला सेन्सर तसाच ओला राहिला, तर पुढच्या वेळी तो काय सांगणार? आजींनी श्रीखंडाचा रिकामा डबा काढून दिला. त्याच्या बुडाला भोक पाडलं, आत सेन्सर दोऱ्यानं बांधला आणि डबा नळाखाली टांगला. धार चालू असेपर्यंत डब्यात पाणी साचतं, थांबली की निथळून जातं.

खरी कसोटी भिंतींची. त्या इतक्या जाड, की मोरीतल्या सेन्सरचा झिगबीवरून (ही अशा उपकरणांची बिनतारी भाषा) जाणारा संदेश माजघरातल्या हबपर्यंत, म्हणजे सेन्सरांचे निरोप घेऊन घंटा वाजवणाऱ्या पेटीपर्यंत, पोचेना. सेलवर चालणारे सेन्सर एकमेकांचे निरोप पुढे देत नाहीत, विजेवर चालणारा स्मार्ट प्लग देतो. तापकीर गल्लीतून तसा एक आणून मधल्या खोलीत लावला आणि काम झालं.

पलंगाखाली, घोट्याच्या उंचीवर, हालचाल टिपणारा सेन्सर बसवला. अंगाच्या उष्णतेतून येणारे अवरक्त किरण समोरून सरकले की त्याला कळतं. आजींनी पाय खाली सोडले की मोरीपर्यंतचे मंद दिवे लागतात. हे सगळं घरातल्या घरात चालतं, इंटरनेट गेलं तरी अडत नाही. आजींची अट एकच होती: "मी कधी उठले, कधी निजले, याचा हिशेब कुणाकडे जायला नको." मुलाला मी ते फोनवर नीट समजावलं. त्यानं थोडा वेळ घेतला, पण मानलं. त्याच्यासाठी पलंगाशी एक बटण लावलं. आजींनी दाबलं, तरच त्याच्या आणि शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप जातो.

तो गुरुवार होता, नळ कोरडा. तांब्यानं पाणी ओतून घंटा वाजवून पाहिली, पण माझं समाधान होईना. शुक्रवारी पहाटेच वाड्यात हजर झालो. आजी झोपल्या होत्या, काकूंनी दार उघडलं. बऱ्याच वेळानं नळ फुसफुसला, नुसता वारा आला, मग गढूळ पाण्याची गुळणी, मग धार. घंटा वाजली. आजी उठून बसल्या, पाय खाली टेकले, दिवे लागले. मोरीत येऊन त्यांनी आधी नळाखाली हात धरला.

"आलंय रे!" म्हणाल्या. मला काय आनंद झाला!

घंटेच्या आवाजानं खालचं बिऱ्हाडही जागं झालं. त्यांनाही हेच हवंय. दाब कमी असला की पाणी आधी खालच्या नळाला येतं. तेव्हा पुढच्या आठवड्यात सेन्सर तिथे लावून घंटा सगळ्या वाड्याला जोडणार आहे. वरच्या मजल्याला बादल्या लावायला तेवढीच मिनिटं जास्त मिळतील.