उजव्या बाजूची पदकं

एका जुन्या फोटोतल्या क्रमांक सातच्या माणसापुढे कोणतं नाव लिहायचं, यावरून आमच्या विभागात वाद चालू आहे. माझं मत मी लेखी दिलंय. तरी तो फोटो डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं एकदा मांडून ठेवते.

मी एका संग्रहात छायाचित्रांच्या नोंदी करते. लष्करी फोटो आले की ते माझ्या टेबलावर येतात. हा फोटो हवाई दलाच्या एका कॅनबेरा, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या, स्क्वाड्रनच्या मेळाव्याचा. मागे स्टुडिओचा शिक्का आणि साल १९८२, म्हणजे हवाई दलाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. पुढे खुर्च्यांवर एक रांग, मागे उभ्या तीन, आणि त्यांच्या डोक्यांवरून दिसणारं कॅनबेराचं नाक. निवृत्त मंडळी मुफ्तीत, म्हणजे गणवेशाशिवाय. ब्लेझर, खिशावर स्क्वाड्रनचं चिन्ह, छातीवर पदकं. नावांची यादी नाही.

बाहेरच्यांना वाटतं, अशा वेळी चेहरे बघायचे. चेहरा सगळ्यात शेवटी. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर सायन रंग आधी उडतो आणि माणसं तांबूस होतात. केस जातात, मिशा येतात-जातात, वजन वाढतं. त्यातल्या त्यात कान टिकतो. पाळी लोंबते, पण वरची घडी बदलत नाही. म्हणून दोन फोटो ताडून बघताना मी कानापासून सुरुवात करते. त्याआधी मात्र बसण्याचा क्रम. खुर्च्यांच्या रांगेत मध्ये सर्वात ज्येष्ठ, मग आलटून पालटून दोन्हीकडे उतरत्या मानाने. मागच्या रांगांत असं काही नसतं. तिथे माणूस आपल्या दोस्तांना धरून उभा राहतो, त्यामुळे एक सापडला की शेजारचे दोघे सापडतात.

आणि पदकं. निवृत्त माणसाच्या छातीवर त्याचा सेवाकाळ टांगलेला असतो, फक्त वाचता यायला हवा. १५ ऑगस्ट १९४७ ला जे सेवेत होते त्यांना स्वातंत्र्याचं पदक. ६५ च्या युद्धात समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, ७१ मध्ये पूर्वी किंवा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्या प्रत्येकाला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. कुणाकडे काय आहे यापेक्षा काय नाही, हे जास्त बोलतं. ६५ चं आहे आणि ७२ चं नाही, तर तो माणूस मधल्या काळात बाहेर पडला. प्रिंटमध्ये रिबनचे रंग बिघडलेले असले तरी तारा आणि गोल यांतला फरक १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये कळतो.

ओळखीसाठी फोटो मी एकेकाला वेगळा दाखवते. आधीच्या माणसाने काय सांगितलं ते पुढच्याला कळू देत नाही. प्रत्येक नावापुढे ते कुणी सांगितलं आणि किती खात्रीने, हे लिहिते. पण या वेळी फोटो माझ्याकडे येण्याआधीच कुणीतरी तो माजी अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. मग व्हायचं तेच झालं. एका जोरकस माणसाने पुढच्या रांगेची नावं धडाधड लिहिली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. इतकी मोठी माणसं, आयुष्यभर विमानं उडवलेली, आणि ‘मला आठवत नाही’ एवढं म्हणायला एकही तयार होत नाही! क्रमांक सातला तिथे तीन नावं मिळाली होती. तिन्ही ठाम. मागच्या रांगांतल्या एअरमनांबद्दल, म्हणजे अधिकारी नसलेल्या हवाई सैनिकांबद्दल, मात्र सगळे गप्प. अधिकाऱ्यांना अधिकारी आठवतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही, राग मात्र येतो.

सात म्हणजे पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीपासून दुसरा. एवढ्या मानाच्या जागी आणि वय फार तर तिशीतलं. ग्रुपवरचे म्हणाले, तेव्हाचा फ्लाइट कमांडर असेल. पण कार्यरत अधिकारी त्या फोटोत गणवेशात आहेत आणि हा साध्या कोटात. खिशावर चिन्ह नाही.

मी फोटो घेऊन एका निवृत्त वॉरंट ऑफिसरकडे गेले. सातारा जिल्ह्यातले, वय ऐंशीच्या पुढे, कॅनबेरावर इंजिन फिटर होते. फोटोत तेही आहेत, तिसऱ्या रांगेत. त्यांनी भिंग नाकारलं, फोटो खिडकीशी धरला आणि मागच्या रांगेपासून सुरुवात केली. हा आर्ममेंटचा. हा इलेक्ट्रिशियन, ६१ ला पाचव्या स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा काँगोला गेली त्यांच्याबरोबर जाऊन आलेला, नंतर आमच्याकडे पोस्टिंगवर आला. हा माझा पहिला सार्जंट, इंजिन सुरू करायच्या कार्ट्रिज स्टार्टरच्या धुरात उभा राहून शिव्या द्यायचा. मी लिहीत होते आणि हात कमी पडत होता. ग्रुपवर ज्यांना एकही नाव मिळालं नव्हतं, त्यांतले बहुतेक त्यांनी एका बैठकीत सांगितले. कुठे अडले तर सरळ म्हणाले, “हा येत नाही.”

सातवर बोट ठेवून ते थांबले.
“हा आमच्यातला नाही.”
“म्हणजे, ओळखत नाही तुम्ही?”
“ओळखत नाही असं नाही म्हटलं मी. आमच्यातला नाही. याची मेडलं बघा की कुठल्या बाजूला आहेत.”

ती उजव्या छातीवर होती. हे मी स्कॅनमध्ये आधीच टिपलं होतं आणि प्रिंट उलटी नाही याचीही खात्री केली होती. निगेटिव्ह उलटी पडली की सगळ्यांचीच बाजू बदलते. कोटाची बटणं आणि वरचा खिसा बघितला की ते लगेच कळतं. इथे बाकी सगळ्यांचं सुलट होतं. ज्याची पदकं तो डावीकडे लावतो. गेलेल्या माणसाची पदकं त्याच्या घरचा कुणी लावतो तेव्हा उजवीकडे. आता वॉरंट साहेबांच्या तोंडून ऐकल्यावर जुळणी पुढे सरकली. दोन तारे, दोन गोल, म्हणजे बहुधा ६५ आणि ७१ दोन्ही. पाचवं, ७२ चं, नाही.

“७१ ला आमचं एक विमान परत आलं नाही,” ते म्हणाले. “पायलट आणि नॅव्हिगेटर. पायलटला इजेक्शन सीट असायची. नॅव्हिगेटर साहेब बॉम्ब टाकायला नाकात पालथे पडायचे, त्यांना सीट नाही. बाहेर पडायचं तर बाजूच्या दारातून, स्वतः.” मग बराच वेळ त्यांनी मला ते दार, त्याची कडी आणि तिथवर सरपटत येण्याची जागा हातांनी करून दाखवली. विमानं २००७ मध्ये आग्र्याला निवृत्त झाली, पण त्या दाराची मापं त्यांच्या हातात अजून आहेत.

त्या नॅव्हिगेटरच्या पत्नी पुण्यात असतात हे त्यांनीच सांगितलं. सातवर बसलेला माणूस त्यांचा धाकटा दीर. तोही आता हयात नाही.

काकूंनी आधी पदकं दाखवली. डब्यात कापसावर ठेवलेली. भारतीय पदकांवर धारकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, ते मी चारही पदकं फिरवून वाचलं. समर सेवा, पश्चिमी, रक्षा, संग्राम. मग त्यांनी फोटोची स्वतःची प्रत काढली.

“मला बोलावणं होतं, मी गेले नाही,” त्या म्हणाल्या. “भाऊजी म्हणाले, मी जातो. मेडलं घेऊन गेले. तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं, तुमची नाहीत, उजवीकडे लावा. त्यांनी लावली. फोटो घरी आला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, ही या बाजूला का लावलीस? त्यावर भाऊजी काही बोलले नाहीत. सासूबाई तोवर अर्ज लिहीत होत्या दिल्लीला. अगं, विमानाचा तुकडाही सापडला नव्हता.”

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ७१ च्या युद्धातल्या ५४ बेपत्ता जवान-अधिकाऱ्यांची सरकारी यादी आहे आणि ते पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत अशी आशा त्यांच्या घरच्यांनी दशकानुदशकं धरली. २७ डिसेंबर १९७१ च्या ‘टाइम’ साप्ताहिकात गजांमागच्या भारतीय कैद्याचा फोटो आला आणि एका मेजरच्या घरच्यांनी त्यात आपला माणूस ओळखला. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये नातेवाईक तिथल्या तुरुंगांत जाऊन आले. हाती काही लागलं नाही. काकूंचे यजमान त्या यादीत नव्हते, त्यांना मृत धरलं गेलं होतं. पण सासूबाईंनी यादी मानली नाही, एवढंच.

मी काकूंची प्रत उलटी केली आणि माझ्या छातीत धस्स झालं. मागे पुढच्या रांगेची नावं होती, दिरांच्या हातची, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाच्या हुद्द्यासह. जिथे त्यांचं स्वतःचं नाव हवं होतं तिथे त्यांनी भावाचं लिहिलं होतं. फ्लाइट लेफ्टनंट, पूर्ण नाव, आणि बाकीच्यांच्या नावांसारखाच पुढे स्वल्पविराम.

आता आमच्या विभागाचा नियम असा, की छायाचित्राच्या काळातली हस्तलिखित यादी हा सर्वांत बळकट पुरावा. त्यापुढे तोंडी साक्षी गौण. नियम चांगला आहे, एरवी मीच त्यासाठी भांडते. पण इथे तो पाळला तर आमच्या नोंदीत १९७१ साली बेपत्ता झालेला नॅव्हिगेटर १९८२ साली खुर्चीवर बसलेला दिसेल, आणि नोंद इंटरनेटवर जाते. तिथून ती कुणाच्या घरी, कुठल्या अर्जाला जोडून जाईल, हे आमच्या हातात नाही. वरिष्ठ म्हणाले, “मग सरळ ‘अनोळखी’ लिहा.” त्याला माझा सक्त विरोध आहे. तो माणूस अनोळखी नाही. तो कोण, कुणाच्या जागी बसला आणि त्याने पदकं कुठे लावली, हे सगळं आपल्याला माहीत आहे.

दुसरा पर्याय दिरांचं नाव. ते खरं आहे, पण तेवढंच लिहिलं तर तो सैनिक नसलेला माणूस तिथे का बसला हे कळत नाही, आणि त्याने स्वतःच्या हाताने जे लिहून ठेवलं ते पुसलं जातं. मी काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “दोघांचीही लिही. पण यांचं नाव फोटोतल्या माणसाला देऊ नकोस. सासूबाई गेल्या, तरी नको.”

मी लिहून दिलंय ते असं: दिरांचं नाव, कंसात ‘मुलकी’, पुढे, थोरल्या भावाची पदकं उजव्या बाजूला लावून उपस्थित, भावाचं नाव, हुद्दा, डिसेंबर १९७१ मध्ये मोहिमेवरून परतले नाहीत, मागील यादीत या जागी भावाचं नाव, यादी दिरांच्या हस्ताक्षरात. संगणकाच्या रकान्यात हे मावत नाही. तिथे एका चेहऱ्याला एकच नाव बसतं आणि बाकी मजकूर ‘शेरा’ या रकान्यात जातो, जो बाहेरच्या वाचकाला दिसतच नाही. ज्यांनी ही प्रणाली बनवली त्यांना फोटोतला माणूस दुसऱ्या कुणासाठी बसलेला असू शकतो, हे सुचलं नसणार. रकाना वाढवा, असा अर्ज मी दिलाय. तोवर क्रमांक सात रिकामा ठेवावा आणि नोंद प्रसिद्ध करू नये, एवढं वरिष्ठांनी मान्य केलंय. अधिकारी मंडळींकडून रोज विचारणा होते, एवढा वेळ कशाला लागतो म्हणून.

मागच्या रांगेतले तिघे अजून राहिलेत. त्यातला एक पॅराशूट सेक्शनचा असावा, असं वॉरंट साहेबांनी काल फोन करून सांगितलं. त्याच्या मुलीचा नंबर ते मिळवतायत.