‘वंडर’ची वाचन-नोंद: आठ भाग, सहा निवेदक

सद्यस्थिती: आठही भागांचा तक्ता भरून झाला आहे. ज्युलियनची ओळ मुद्दाम कोरी ठेवली आहे, कारण शेवटी.

आर. जे. पालासिओ यांच्या २०१२ च्या या कादंबरीत भागांचा क्रम असा: ऑगस्ट, व्हाया, समर, जॅक, जस्टिन, पुन्हा ऑगस्ट, मिरांडा आणि शेवटी ऑगस्ट. ऑगस्ट हा जन्मापासून वेगळा चेहरा असलेला शाळकरी मुलगा; व्हाया त्याची मोठी बहीण, समर आणि जॅक त्याचे शाळेतले मित्र, जस्टिन व्हायाचा प्रियकर आणि मिरांडा तिची जुनी मैत्रीण. ज्युलियन हा ऑगस्टला छळणारा वर्गमित्र; त्याला या पुस्तकात स्वतःचा भाग नाही. तक्ता पानांच्या क्रमाने भरायला घेतला की फसतो, कारण नवा निवेदक आधी मागे जातो आणि मग पुढे सरकतो. वरच्या बाजूला शाळेच्या वर्षाचे महिने आणि डावीकडे निवेदक, अशी मांडणी ठेवा. प्रत्येक चौकटीत दोन नोंदी: या व्यक्तीला काय ठाऊक आहे, आणि वाचकाला त्याहून जास्त काय ठाऊक आहे. दुसरी नोंद गाळली तर हाती नुसता कथासार उरतो.

सर्वांत भरगच्च स्तंभ ऑक्टोबरचा. हॅलोविनला ऑगस्ट ठरलेला पोशाख न घालता दुसराच मुखवटा चढवून वर्गात जातो आणि ममीच्या वेशातल्या जॅकचं आपल्याविषयीचं निर्दय बोलणं ऐकतो. आपण कुणासमोर बोललो, हे जॅकच्या गावीही नाही. पुढे व्हायाला कळतं, समरला कळतं. जॅकला मात्र मुखवट्याचं नाव एवढाच दुवा मिळतो, तोही समरकडून. त्यामुळे जॅकचा भाग सुरू होतो तेव्हा त्याचा गुन्हा आपल्याला आधीच माहीत असतो आणि तो चाचपडत असतो. हाच भाग व्हायाच्या आधी आला असता तर जॅकचा पश्चात्ताप निव्वळ सफाई वाटली असती. क्रमाचं खरं काम इथे दिसतं.

चेहऱ्यासाठी वेगळ्या रंगाची चिठ्ठी वापरा. ऑगस्ट सुरुवातीलाच स्वतःच्या चेहऱ्याचं वर्णन करायला नकार देतो. तपशील येतो तो व्हायाकडून: डोळे असायला हवेत त्याहून सुमारे इंचभर खाली, वगैरे. जन्मापासून तो चेहरा पाहणाऱ्या बहिणीलाच असं मोजून सांगता येतं. तिथे ना किळस, ना कणव. जस्टिन त्याला पहिल्यांदा पाहतो तेव्हाचा दचका फार नंतर येतो, आणि तोवर बिचकलेल्या माणसाकडेच आपण जरा संशयाने पाहू लागलेलो असतो.

जस्टिनच्या भागात मोठी अक्षरं नाहीत, संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. आवाज लगेच वेगळा ओळखू येतो, पण वेगळेपणाचा बराच भार टंकनावर आहे. कसोटी सोपी: त्यातला एक परिच्छेद नेहमीच्या विरामचिन्हांसह उतरवून काढा आणि निवेदक ओळखता येतो का ते बघा. आमच्या मते जेमतेम येतो. व्हायाच्या भागाला अशा आधाराची गरजच नाही.

दुसरी कसोटी जास्त बोचरी. ज्या परिच्छेदांत ऑगस्ट नाही आणि त्याचा विषयही नाही, त्यांवर पेन्सिलीने रेघ ओढा. व्हायाच्या भागात आजीची आठवण आणि नव्या शाळेतली मैत्री यांमुळे बऱ्यापैकी रेघा पडतात. समरच्या भागात फार थोड्या. रेघा कमी तिथे निवेदक माणूस न राहता ऑगस्टला मिळालेलं प्रशस्तिपत्र होतो. वेगळा चेहरा असलेल्या मुलावरच्या कादंबरीत ही घसरण कायम टपलेली असते: मूल बाजूला राहतं आणि इतरांचा चांगुलपणा मोजला जातो.

मिरांडाचा भाग छोटा, पण मोक्याच्या जागी. नाटकाच्या रात्री व्हाया अचानक मुख्य भूमिकेत का दिसली, हे ऑगस्टच्या दुसऱ्या भागात कळत नाही. ते मिरांडा सांगते.

पत्रं आणि ईमेल यांना ‘निवेदक नसलेले आवाज’ अशी स्वतंत्र ओळ द्या. ज्युलियनची आई जॅकच्या भागात तिथूनच बोलते. आईवडिलांना मात्र निवेदनच नाही, आणि ते बरंच झालं. मोठ्यांचा समजूतदार आवाज मध्ये आला असता तर मुलांचे गैरसमज पानभरही टिकले नसते.

ज्युलियनची बाजू २०१४ मध्ये स्वतंत्रपणे आली. ती वाचण्याआधी मूळ पुस्तकातल्या त्याच्या प्रत्येक कृतीपुढे ‘कोणी पाहिली’ हे लिहून ठेवा. आधी वाचली तर ही नोंद निर्मळ राहत नाही, म्हणून ती ओळ कोरी आहे.